लक्षद्वीपला निघण्यापूर्वी

प्रश्न : डिसेंबरात मुलांसह लक्षद्वीपला जाऊन स्कूबा डायव्हिंग करण्याचा बेत आहे. तयारी कोठून सुरू करावी?

उत्तर : तिकिटांआधी परवान्याचे पाहावे, कारण तेथे प्रवेशासाठी भारतीय नागरिकांनाही प्रशासनाची परवानगी लागते. विमान अगत्ती बेटापर्यंतच जाते. पुढे डायव्हिंगसाठी कदमत बेटावर बोटीनेच जावे लागते आणि हवामान बिघडले की बोट रद्द होऊ शकते, म्हणून परतीच्या आदल्या दिवशी अगत्तीतच मुक्काम ठेवावा. त्याने आणखी एक गोष्ट साधते : डायव्हिंगनंतर १८ ते २४ तास विमानप्रवास टाळावा लागतो, अन्यथा शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधे दुखण्यापासून मज्जारज्जूच्या इजेपर्यंत काहीही होऊ शकते. दहा वर्षांखालील मुलांना उथळ पाण्यातले स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगून खाली पाहणे, पुरे. आणि प्रवाळाचा तुकडा, किनाऱ्यावर पडलेला असला तरी, पिशवीत घालू नये. तो गुन्हा आहे.