वाचक विचारतात : ओजेटीचं सर्टिफिकेट घरबसल्या मिळतंय, घेऊ का?

प्रश्न : माझी मुलगी टीवाय बीकॉमला आहे. सहाव्या सेमिस्टरला १२० तासांची ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, एखाद्या ऑफिसात प्रत्यक्ष काम करून शिकायचं, करायची आहे. ह्यांच्या ओळखीतले एक टॅक्सवाले म्हणाले, वहिनी कशाला पोरीला एसटीचे हेलपाटे, मी लेटरहेडवर सही-शिक्का मारून देतो, तिनं तोवर परीक्षेचा अभ्यास करावा. मुलगीही म्हणते सगळ्या मैत्रिणी असंच करतायत. मला पटत नाही, पण मार्क गेले तर काय ही पण धास्ती. काय करू?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी मार्कांचं बोलू, कारण खरी भीती तीच आहे. ओजेटीला नव्या शैक्षणिक धोरणात ४ क्रेडिट धरलेत, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास म्हणून १२०. सर्टिफिकेट हा त्यातला एक कागद झाला, पुढे रिपोर्ट आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, असतो आणि तिथंच गोची होते. मी स्वतः व्हायवा घ्यायला बसलोय. एका पोराचा स्पायरल केलेला सुंदर रिपोर्ट, आत लिहिलेलं की मी जीएसटी रिटर्न भरले, मी सहज विचारलं किती तारखेला भरतात रे, तर म्हणतो मार्च एंडला सर! पुढच्या तीन रिपोर्टमध्ये तीच वाक्यं, स्पेलिंगच्या चुकासुद्धा त्याच जागी. आता सांगा मार्क कुणाचे गेले.

तर त्या टॅक्सवाल्या भाऊजींनाच सांगा की शिक्का राहू दे, पोरीला एक खुर्ची द्या. ओळख आहे ना, मग ती अशी वापरा की.

आणि आता महत्त्वाचं, जे कॉलेजात सहसा कुणी सांगत नाही. रोज ५ तास धरले तर १२० तासांना २४ दिवस लागतात, रविवार सोडले तर जवळजवळ एक महिना. हा महिना १ तारखेपासूनच धरायचा, अधूनमधून नाही, कारण टॅक्सवाल्याचं ऑफिस तारखांवर चालतं. ७ ला टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-वन म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, १४ ला टूबी येतं म्हणजे समोरच्या व्यापाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी, १५ ला कामगारांचा पीएफ आणि ईएसआयसी (विमा), २० ला थ्रीबी म्हणजे जीएसटी भरायचं रिटर्न. जी मुलगी १६ तारखेला जॉइन होते तिला अर्धी गंमत दिसतच नाही. त्यातही जमलं तर जानेवारी बघा, कारण छोटे दुकानदार तिमाही रिटर्न भरतात, डिसेंबरला तिमाही संपते आणि त्यांची झुंबड त्या महिन्यात असते, वनची तारीख १३ आणि आपल्याकडे थ्रीबीची २२.

खरं शिक्षण कुठंय सांगू? किराणावाला पिशवीत कोंबून बिलं आणतो, निम्मी चुरगळलेली, एखाद्यावर तेलाचा डाग. ती लावायची, टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) चढवायची, मग टूबीशी ताडून बघायची. एखादं बिल तिथं दिसतच नाही, म्हणजे पलीकडच्या व्यापाऱ्यानं दाखवलेलं नाही, आणि तोवर आपल्या दुकानदाराला त्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे कराची वजावट, मिळत नाही. मग त्या व्यापाऱ्याला फोन लावून, न भांडता, पण न घाबरता सांगायचं की दादा आमचं बिल टाकायचं राहिलंय. हा फोन कुठल्या सिलॅबसमध्ये आहे? पण नोकरीत पहिल्या आठवड्यात लागतो.

पहिले तीन-चार दिवस झेरॉक्स आणि फायली लावण्यात जातील, जाऊ देत, फायली लावताना पण डोळे उघडे ठेवले की बरंच कळतं. आठवडा झाला तरी तेच चाललंय असं वाटलं तर तिनं कॉलेजच्या गाइड सरांना सांगावं, ते त्यासाठीच असतात. रोज रात्री वहीत चार ओळी, आज काय केलं आणि कुठं चुकले, रिपोर्ट आपोआप होतो. आणि एक लक्षात ठेवायला सांगा, क्लायंटचे पासवर्ड, ओटीपी स्वतःच्या मोबाइलवर घ्यायचे नाहीत, कुणी कितीही गोड बोललं तरी. येण्याजाण्याचे पैसे मागायला लाजू नका, पासापुरते तरी.

प्रश्न : बीए झालोय, घरी बसून स्पर्धा परीक्षा करतोय, दोन वर्षं गेली. मित्र म्हणतो आता आयटीआय कर. डिग्रीवाल्यानं आयटीआय करायचं म्हणजे मागं जाणं नाही का?
– एक वाचक, बीड

उत्तर : मागं कसलं रे, वायरमनला विचार महिन्याकाठी किती सुटतात ते. आयटीआयला वयाची वरची मर्यादा नसते, हात चालवायची आवड असेल तर बिनधास्त जा. पण फक्त परीक्षेला कंटाळून चालला असशील तर आधी अप्रेंटिसशिप, म्हणजे स्टायपेंड घेऊन काम शिकणं, बघ. केंद्राची नॅट्स ही अप्रेंटिसशिपची योजना आहे, पोर्टलवर नाव नोंदवायचं, बीए-बीकॉमवालेही चालतात, फक्त इंजिनिअर नाही. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत तिला कायद्यानं अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यामुळे जवळच्या एमआयडीसीत, बँकेत, हॉस्पिटलच्या ऑफिसात थेट जाऊन विचारायलाही हरकत नाही. २०१९ च्या नियमात पदवीधराला महिना किमान ९००० स्टायपेंड ठरवला होता, हल्लीचा आकडा पोर्टलवर बघून घे. पैसा थोडाच आहे, पण वर्षभर कुठंतरी रोज नऊला हजर राहायची सवय लागते, दोन वर्षं घरी बसलेल्याला ती फार लागते (चिडू नको, मीही बसलोय घरी).

प्रश्न : आम्ही फिजिक्स शिकवणारे. आता व्होकेशनल स्किल कोर्स घ्या म्हणतात, विषय दिलाय घरगुती वायरिंग. लॅबमध्ये साधा टेस्टर धड नाही. पीपीटी दाखवून वायरिंग शिकवायचं का?
– प्राध्यापक, विदर्भ

उत्तर : सर, नका शिकवू. गावातल्या एखाद्या जुन्याजाणत्या इलेक्ट्रिशियनला तासिकेचं मानधन देऊन बोलवा, तुम्ही अर्थिंग का लागतं ते सांगा, तो लावून दाखवेल. बिनडिग्रीचा माणूस चालेल का असा प्रश्न प्राचार्यांना पडेल, तर यूजीसीनं २०२२ ला प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस (कामाच्या अनुभवावर शिकवायला घेतलेला माणूस) हे पद आणलंय त्यातही पदवीची सक्ती नाहीये, मोठा अनुभव बघतात. तुमचा इलेक्ट्रिशियन त्या पदावर बसणार नाही, पण प्राचार्यांपुढे ठेवायला मुद्दा तर मिळाला.

आणि सामानाचं म्हणाल तर एकदा पुणे जिल्ह्यातलं पाबळ बघून या. डॉ. कलबागांनी १९८३ ला तिथं विज्ञान आश्रम काढला, शाळा सोडलेली पोरं तिथं वेल्डिंगपासून शेतीपर्यंत सगळं शिकतात आणि शिकता शिकता गावातली खरी कामं करून देतात, म्हणजे सामान काम सांगणाऱ्याचं आणि सराव पोरांचा. तुमच्या कॉलेजच्या हॉस्टेलमधले बंद पडलेले पंखे किती आहेत, मोजलेत का कधी? तिथून सुरुवात करा, पण मेन स्विच बंद करून.