कॅलिफोर्नियात घरून फराळ विकायचा तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. सांगलीत घरून फराळाच्या ऑर्डरी घेतेस, आता नवऱ्याबरोबर कॅलिफोर्नियाला येते आहेस, आणि इथे घरूनच हे करायला कसले परवाने लागतात ते तुला हवंय. अर्ज आणि फी काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, संकेतस्थळावर सापडेल. मी बाकीचं लिहिते.

आधी व्हिसा बघ. नुसत्या एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर, असशील तर काउंटीचा कागद हातात असूनही कमावता येत नाही. २६ मे २०१५ पासून काही जणींना कामाची परवानगी मिळू लागली, पण त्यासाठी नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम बरंच पुढे गेलेलं लागतं. मी त्याच्या चार वर्षं आधी आले. बेसनाचे लाडू वाटायचे आणि कुणी पैसे पुढे केले की नको म्हणायचे. एकदा घेतले, वीस डॉलर. आठवडाभर धड झोपले नाही. हे मी नवऱ्यालाही अजून सांगितलेलं नाही.

इथला कॉटेज फूडचा, म्हणजे घरी बनवलेले पदार्थ विकण्याचा, कायदा २०१३ पासून आहे. 'ए' वर्गात थेट गिऱ्हाइकाला विकायचं. 'बी' वर्गात दुकानातही माल ठेवता येतो, पण मग तपासनीस येऊन स्वयंपाकघर बघतो. फ्रिजबाहेर टिकणारेच पदार्थ चालतात. नानकटाई, कोरडे मसाले जमतील, श्रीखंड विसर. प्रत्येक पदार्थ नावानिशी विचारून घे. घरून जेवणाचे डबे द्यायचे तर कायदा वेगळा, आणि तो लागू करायचा की नाही हे ज्या त्या काउंटीच्या हातात. शिवाय शहराचा परवाना वेगळा. धंद्याला स्वतःच्या नावाऐवजी दुसरं नाव दिलंस तर ते काउंटीत नोंदवून चार आठवडे वर्तमानपत्रात छापावं लागतं. माझा या खिडकीवरून त्या खिडकीवर जाण्यात अख्खा पावसाळा गेला, म्हणजे आपल्याकडचा. इथे तेव्हा कोरडं ऊन असतं.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. कामाला लाग.

एक नियम मात्र मला फार लागला. विक्रीचं काही करत असताना स्वयंपाकघरात लहान मूल नको. माझी मुलगी तीन वर्षांची होती. दाराला फाटक बसवलं, ती ते धरून उभी राहायची, "आई, मला बदाम लावू दे." आपल्याकडे पाटीवर 'घरगुती' लिहिलं की माणसं विश्वासाने आत येतात. इथे पाकिटावर 'घरच्या स्वयंपाकघरात बनवलेले' हे इंग्रजीत, १२ पॉइंटच्या अक्षरांत छापायचं, ते गिऱ्हाइकाने सावध व्हावं म्हणून.

शाळेच्या अर्जातही घरचंच विचारतात, घरी कोणती भाषा बोलता. मी अभिमानाने मराठी लिहिलं. म्हणून शाळेने मुलीची इंग्रजीची चाचणी घेतली. ती अनोळखी बाईंपुढे गप्प बसली आणि इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात गेली. तिसरीपर्यंत त्यातून बाहेर निघाली नाही. मी पत्रं लिहिली, भेटायला गेले, दर वेळी हसून ऐकून घेतलं. धाकट्याच्या अर्जावर मी इंग्रजी लिहिलं, खोटंच. मग ते खरं करायला त्याच्याशी घरीही इंग्रजी बोलू लागले. आता आजीचा फोन आला की तो माझ्याकडे बघतो, आणि मी दोन्हीकडचं सांगत बसते.

घर भाड्याने घेताना करारावर लगेच सही करू नकोस. घरातून व्यवसाय करण्याबद्दलचं कलम त्यात बहुधा असतं. मला पाठव, मी वाचून सांगते.