वाचकांचे प्रश्न : धर्मकाट्याचे सॉफ्टवेअर आणि त्यावरचा परका शिक्का

प्रश्न : मी नेर तालुक्यातील कापसाच्या एका जिनिंगमध्ये संगणक चालक असताना धर्मकाट्याच्या इंडिकेटरवरून वजन वाचून मराठीत काटापट्टी छापणारा प्रोग्राम तयार केला आणि तो जीपीएल परवान्याच्या (कोणीही वापरा, बदला, वाटा, पण ज्याला द्याल त्याला कोडही द्या, असे सांगणारा खुला परवाना) तिसऱ्या आवृत्तीखाली सर्वांना खुला केला. वणीच्या एका मित्राने त्यात गाठींचा हिशेब ठेवणारा भाग जोडला. यंदाच्या हंगामात पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंगमध्ये एका कंपनीच्या नावाची पेटी बसवलेली दिसली. तिच्यातून निघणारी पट्टी माझ्या पट्टीशी ओळीने ओळ जुळते. निव्वळ वजनापुढे मी सवयीने देत असलेली दोन टिंबेही तशीच आहेत. कंपनी सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ, माणसाला वाचता येणारा मजकूर) देत नाही, माझे नाव कोठेही नाही आणि विचारले तर ‘इंटरनेटवर फुकट होते, ते घेतले’ असे उत्तर मिळते. मी पैसे घेतले नाहीत, नोंदणीही केली नाही. मला काही हक्क उरतो काय? — एक वाचक, ता. नेर, जि. यवतमाळ

उत्तर : हक्क उरतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते आणि ती लिहिली गेली त्या क्षणी तिच्यावरील हक्क निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, मात्र न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. मोफत देणे म्हणजे हक्क सोडणेही नव्हे. हक्क सोडायचा असेल तर कलम २१ नुसार कॉपीराइट निबंधकांना सूचना देऊन किंवा जाहीर सूचनेद्वारे तो सोडावा लागतो. जीपीएल ही अटींसह दिलेली परवानगी आहे, आणि अटी मोडल्या की ती परवानगी संपुष्टात येते. जेकबसन विरुद्ध कॅटझर या दाव्यात हाच प्रश्न होता. खेळण्यातील रेल्वे चालवणारे सॉफ्टवेअर खुल्या परवान्याखाली मोफत दिलेले होते, आणि तरीही त्या परवान्याच्या अटी कॉपीराइट कायद्याने बजावता येतात असे अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण त्यातील युक्तिवाद आपल्या वकिलांना वापरता येईल.

तक्रार नेमकी कशाची, हे मात्र नीट ठरवावे. कंपनी पेटी विकते, पैसे घेते, यात परवान्याचा भंग नाही. जीपीएल विक्रीची मुभा देते. भंग आहे तो सोर्स कोड किंवा तो देण्याचा लेखी प्रस्ताव न देण्यात, आपले नाव व परवान्याचा मजकूर काढून टाकण्यात आणि खरेदीदारावर स्वतःच्या जाचक अटी लादण्यात. पत्रात ‘माझा माल विकून खाल्ला’ असा सूर लागला की समोरच्या वकिलाचे काम सोपे होते.

आता अवघड भाग, ज्याचा उल्लेख आपल्या प्रश्नात सहज येऊन गेला आहे. आपण हा प्रोग्राम नोकरीत असताना लिहिला. कलम १७ नुसार सेवा कराराखालील कामाच्या ओघात तयार झालेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. संगणक चालकाच्या कामात प्रोग्राम लिहिणे येते की नाही यावर वाद घालता येईल, पण तो वाद कंपनीला उकरून काढू देण्यापेक्षा आधीच मिटवलेला बरा. आपण नोकरीला होता त्या जिनिंगच्या मालकांकडून हक्क-हस्तांतराचा लेख सहीनिशी घ्यावा आणि प्रोग्राम जीपीएलखाली प्रसिद्ध झाला त्यास त्यांची मान्यता असल्याचेही त्यात लिहून घ्यावे. हा लेख दोन ओळींत उरकू नये, कारण मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे हस्तांतर पाच वर्षांचेच धरले जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर ते केवळ भारतापुरते समजले जाते. कृती कोणती, हक्क कोणते, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी, हे सगळे स्पष्ट शब्दांत असावे.

वणीच्या मित्राने लिहिलेला भाग त्यांच्या मालकीचा आहे. त्यांनी तो आपल्या नावे लेखी करून द्यावा किंवा दोघांनी मिळून तक्रार करावी. कोणाची ओळ कोणती हे दाखवता येणे किती महत्त्वाचे असते, ते लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) एका विकसकाने व्हीएमवेअर कंपनीविरुद्ध जर्मनीत लावलेल्या दाव्यात दिसले. आपण लिहिलेला कोणता कोड त्या उत्पादनात वापरला गेला, हे त्याला पुरेसे दाखवता आले नाही म्हणून हॅम्बुर्गच्या न्यायालयाने २०१६ मध्ये दावा फेटाळला. तेव्हा आपल्या प्रोग्रामचा आवृत्ती-इतिहास, तारखांसह, जपून ठेवावा.

पुराव्यासाठी पट्टीचे साम्य ही चांगली सुरुवात आहे, विशेषतः त्या दोन टिंबांमुळे. ज्या गोष्टीला कामाच्या दृष्टीने काही कारण नाही ती दोन ठिकाणी सारखी आढळली तर नक्कल झाल्याचे अनुमान बळकट होते. तेवढ्यावर मात्र थांबू नये, कारण पट्टीचा नमुना पाहून कोणीही तशीच पट्टी नव्याने छापू शकतो. पेटीतील प्रोग्रामची फाइल हवी, आणि ती पेटीच्या मालकाच्या संमतीने हवी. रात्री चौकीदाराला चहा पाजून पेनड्राइव्ह लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला प्रोग्रामचे कार्य निरीक्षण, अभ्यास व चाचणी करून पाहण्याची मुभा कलम ५२ मध्ये आहे. फाइलमधील वाचता येण्याजोगा मजकूर बाहेर काढला की संदेश, फंक्शनची नावे, कधीकधी मूळ लेखकाच्या फोल्डरचा मार्गसुद्धा दिसतो. फाइलचे हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, तिच्या ठशासारखा आकडा) त्याच दिवशी नोंदवावे, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात ते लागते. पेटीचे बिल आणि माहितीपुस्तिका यांच्या प्रती त्यासोबत ठेवाव्यात.

पहिले पत्र पेटी घेतलेल्या पांढरकवड्याजवळच्या जिनिंगच्या मालकांनी लिहावे असे मी सुचवेन. ज्याच्या हाती प्रोग्राम आला त्याला सोर्स कोड मिळावा ही परवान्याची रचना आहे, आणि ग्राहकाने मागितलेला कोड नाकारणे कंपनीला जड जाते. त्यानंतर कॉपीराइटचे मालक म्हणून आपली नोटीस जावी. तिसऱ्या आवृत्तीत पहिल्यांदाच चूक करणाऱ्याला सवलत आहे : आपली नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने भंग दूर केला तर त्याचा परवाना पूर्ववत होतो. म्हणून नोटिशीत काय दूर करायचे ते नेमके लिहावे. आपला प्रोग्राम व त्यात कंपनीने केलेले बदल यांचा संपूर्ण कोड मागावा आणि तो बांधण्याच्या, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याच्या, स्क्रिप्टही मागाव्यात. कंपन्या पुष्कळदा अर्धवट कोड पाठवतात, जो कोणत्याही संगणकावर उभा राहत नाही. त्यांचा बिलाचा प्रोग्राम आपल्या प्रोग्रामपासून खरोखर वेगळा असून केवळ एकाच पेटीत ठेवलेला असेल, तर तो मागू नये. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध कलम ६० खाली उलट दावा होऊ शकतो, त्यामुळे पोलिस, अटक, बदनामी हे शब्द नोटिशीत नसावेत.

पैशाची मागणी पहिल्याच पत्रात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लिनक्सचे एक विकसक हॅराल्ड वेल्टे यांनी जीपीएल मोडणाऱ्या कंपनीविरुद्ध २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवला तो परवान्याच्या अटी पाळल्या जाव्यात यासाठी. पुढे त्यांच्याच नेटफिल्टर (लिनक्समधील नेटवर्कच्या सुरक्षेचा भाग) लिहिणाऱ्या गटाने २०१६ मध्ये आपल्या एका सदस्याला निलंबित केले, कारण परवान्याच्या नावाखाली तो कंपन्यांकडून पैसे उकळतो असे आरोप झाले होते. कंपनीने कोड दिला, नाव लावले आणि जुन्या ग्राहकांनाही कळवले, तर आपल्या हाती त्यांनी केलेल्या सुधारणा येतात. नोटिशीचा व वकिलाचा खर्च मागणे रास्तच आहे.

कंपनी बधली नाही तर पुण्या-मुंबईला धावण्याचे कारण नाही. कलम ६२ नुसार दावा करणारा जेथे राहतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा दाखल करता येतो, आणि पेटीही त्याच जिल्ह्यात बसवलेली असल्याने यवतमाळ हे ठिकाण दोन्ही अंगांनी योग्य ठरते. मागणीचे मूल्य तीन लाख रुपये किंवा अधिक असेल तर तो वाणिज्यिक दावा होतो, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थी करावी लागते. भरपाईच्या दाव्याची मुदत भंगाच्या तारखेपासून तीन वर्षे आहे. ‘येथे कोणाचा कॉपीराइट आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हते’ असे कंपनीने सिद्ध केले तर कलम ५५ खाली भरपाई मिळत नाही, फक्त मनाई हुकूम आणि नफ्यातील वाजवी रक्कम मिळू शकते. आपल्या प्रत्येक फाइलच्या माथ्यावर नाव, वर्ष व परवाना लिहिलेला असेल तर हा बचाव टिकणे कठीण आहे.

प्रश्न : परतवाड्यात आमचे छोटे दुकान आहे. दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करून विकतो आणि त्यात बऱ्याच खुल्या लायब्ररी (इतरांनी लिहिलेले तयार कोडचे भाग) वापरतो. आमचा सगळा कोड जगाला द्यावा लागेल का? — एक वाचक, ता. अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : जगाला नाही, आणि सगळ्या परवान्यांत तर नाहीच. एमआयटी किंवा बीएसडी हा सैल अटींचा परवाना असेल तर मूळ कॉपीराइट सूचना व परवान्याचा मजकूर सोबत दिला की पुरते. एलजीपीएल (जीपीएलचा सौम्य प्रकार) लायब्ररी असेल तर तिचा कोड उपलब्ध ठेवावा, ग्राहकाला तिची बदललेली आवृत्ती बसवता यावी, आणि त्यासाठी लागणारे उलट-विश्लेषण (तयार प्रोग्राम उलगडून त्याची रचना पाहणे) आपल्या करारात निषिद्ध नसावे. हे शेवटचे कलम करारनाम्याच्या तयार नमुन्यात हटकून असते, ते तपासा. जीपीएल लायब्ररी आपल्या प्रोग्रामात मिसळली असेल तर तो संपूर्ण प्रोग्राम जीपीएलखाली, कोडसह, ज्या केंद्रांना विकला त्यांना द्यावा लागतो. ते मान्य नसेल तर ती लायब्ररी काढावी. प्रोग्राम आपल्याच सर्व्हरवर चालत असेल आणि केंद्रे ब्राउझरमधून वापरत असतील तर जीपीएलची ही अट लागू होत नाही. एजीपीएल या जीपीएलच्या अधिक कडक प्रकाराखालील प्रोग्रामात आपण बदल केला असेल तर मात्र त्या वापरकर्त्यांना कोड द्यावा लागतो. कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती, कोणता परवाना, याची एक वही आजपासून ठेवा, आणि पॅकेज मॅनेजर (लायब्ररी उतरवून बसवणारे साधन) आपोआप ओढून आणतो त्या लायब्ररीही तीत लिहा, कारण बहुतेक घोटाळे तेथेच सापडतात.

प्रश्न : अशीच एक पेटी मी मागील हंगामात विकत घेतली. कंपनीने परवाना मोडला असेल तर मी गुन्हेगार ठरतो का? — एक जिनिंगमालक, हिंगणघाट

उत्तर : नाही. जीपीएलखालील प्रोग्राम ज्याच्या हाती येतो त्याला मूळ लेखकाकडून थेट परवाना मिळतो, आणि विकणाऱ्याचा परवाना संपला तरी खरेदीदाराचा शाबूत राहतो. आपण पेटी खुशाल वापरावी, बिल जपावे आणि कंपनीकडे सोर्स कोडची मागणी लेखी, पोच घेऊन करावी.