सिस्टर गेल्या, स्वयंसेवक आले. कॅमेरा कुठे ठेवावा?

प्रश्न : माझी भाची न्यूयॉर्कमध्ये चित्रपटनिर्मिती शिकली आणि आता तिथेच काम करते. येत्या वर्षी मोटारीने अमेरिकेत फिरून तिथल्या कॅथलिक शाळा व त्यांत स्वयंसेवक म्हणून शिकवणारे तरुण यांच्यावर माहितीपट करण्याचे तिने ठरवले आहे. आम्ही वसईत सिस्टरांच्या शाळेत शिकलो. कॅथलिक शाळांना स्वयंसेवकांची गरज का पडावी? ते फुकट शिकवतात का? आणि तिने प्रवास कसा आखावा?
— एक वाचक, वसई

उत्तर : आपल्याला जे आठवते तेच साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतील कोणत्याही कॅथलिक माणसाला आठवले असते. १८८४ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने प्रत्येक धर्मग्रामाने, म्हणजे एका चर्चभोवतीच्या भाविकांच्या समाजाने, दोन वर्षांच्या आत आपली शाळा काढावी असा दंडक घातला, आणि १९६५च्या सुमारास तिथे जवळजवळ १३,००० कॅथलिक शाळांतून ५२ लाखांवर मुले शिकत होती. १९५०मध्ये या शाळांतील दर शंभर शिक्षकांपैकी सुमारे नव्वद जण व्रतस्थ होते, आणि त्यांत बहुसंख्या धर्मभगिनींची होती. शाळेशेजारच्या मठात राहायचे, नाममात्र मानधन घ्यायचे आणि चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग सांभाळायचा, असा त्यांचा क्रम असल्यामुळे गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांनाही फी परवडत होती. पुढे व्रत घेणाऱ्या मुली कमी झाल्या, अनेक भगिनी मठ सोडून गेल्या, सुस्थितीतील कुटुंबे शहरांतून उपनगरांत गेली. सिस्टरांच्या जागी पगारी शिक्षक नेमावे लागले, पगारामुळे फी वाढली आणि फी वाढली तशी मुले घटली. आज शाळा ६,०००पेक्षा कमी आहेत, विद्यार्थी सुमारे १७ लाख, आणि व्रतस्थ शिक्षक शेकडा तीनही नाहीत. या शाळा देणग्यांवर चालत होत्या असे बरेच जण समजतात. माझ्या मते त्या मुख्यतः सिस्टरांच्या श्रमांवर चालत होत्या, आणि ते श्रम कोणत्याही हिशेबवहीत खर्च म्हणून मांडले गेले नाहीत.

ही पोकळी भरून काढायला स्वयंसेवक आले. १९५६मध्ये अलास्कातील कॉपर व्हॅली शाळेत काही तरुण मदतीला गेले आणि त्यातून पुढे ‘जेझुइट व्हॉलंटिअर कोअर’ ही स्वयंसेवकांची संघटना उभी राहिली. १९९३ साली इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठाने ‘अलायन्स फॉर कॅथलिक एज्युकेशन’ हा उपक्रम सुरू केला. नुकतेच पदवीधर झालेले तरुण-तरुणी उन्हाळ्यात विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकतात, शाळा उघडली की साधनांची ओढाताण असलेल्या शाळेत दोन वर्षे पूर्णवेळ शिकवतात आणि अखेरीस शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळवतात. ते फुकट शिकवत नाहीत, त्यांना माफक विद्यावेतन मिळते. आपल्याकडच्या शिक्षणसेवकांची आठवण होणे साहजिक आहे, परंतु शिक्षणसेवक कायम होण्याच्या आशेने मानधनावर राबतो, आणि या तरुणाला तर आपण निघून जाणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. आपल्या भाचीच्या चित्रपटाचे मर्म मला इथेच दिसते.

प्रवासाची सुरुवात नोत्र दामपासून करणे सोयीचे होईल. विद्यापीठाजवळूनच जाणारा ९० क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग शिकागोमार्गे थेट साउथ डकोटात जातो. चेंबरलेनजवळ मिसुरी नदी ओलांडून कॅडोकापाशी दक्षिणेला वळले की पाइन रिज या लकोटा लोकांच्या, म्हणजे तिथल्या एका मूळनिवासी जमातीच्या, राखीव प्रदेशाकडे जाता येते. तिथे येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू आणि फ्रान्सिस्कन भगिनींनी १८८८ साली काढलेली शाळा आहे आणि तिथे स्वयंसेवक शिक्षकांची जुनी परंपरा आहे. मुलांना घरापासून आणि भाषेपासून तोडणाऱ्या वसतिशाळांचा कटू इतिहास या प्रदेशाच्या स्मरणात अजून ताजा आहे, आणि आज त्याच शाळेत लकोटा भाषा शिकवली जाते. तिथे जाण्यापूर्वी तिने हा इतिहास वाचावा, आणि पहिल्या दिवशी कॅमेरा गाडीतच ठेवावा. आणखी एक बारीक सूचना : कॅडोकाला पोहोचण्याच्या थोडे आधी घड्याळ एक तास मागे जाते. हे ध्यानात न आल्याने मी एकदा मुख्याध्यापकांच्या दारात तासभर आधीच जाऊन उभा राहिलो होतो. उलट दिशेने येत असतो तर मुलाखतच हुकली असती.

परवानगीचे काम मात्र महिनाभर आधी हाती घ्यावे. २००२मध्ये अमेरिकन बिशपांनी बालसंरक्षणाची सनद स्वीकारल्यापासून शाळेत मुलांसोबत वावरणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणे तिथे नित्याचे झाले आहे. त्यामुळे शाळेबरोबर धर्मप्रांताच्या (बिशपच्या अधिकारक्षेत्राच्या) कार्यालयालाही पत्र द्यावे आणि ज्या मुलांचे चेहरे दिसणार त्यांच्या पालकांची लेखी संमती घ्यावी. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी ‘कॅथलिक शाळा सप्ताह’ सुरू होतो. त्या आठवड्यात शाळा लग्नघरासारख्या नटलेल्या असतात आणि प्रत्येक जण तोंडपाठ बोलतो, म्हणून तो टाळलेला बरा. नोव्हेंबर उत्तम, कारण तोवर नव्या शिक्षकाचा पहिला उत्साह ओसरलेला असतो आणि नाताळची सुट्टी अजून दूर असते.

वर्गात शिकवताना घेतलेली दृश्ये सगळीकडे सारखीच दिसतात. हे तरुण चार-सहा जण मिळून एका घरात राहतात. तिने तिथे, तेही रात्री, कॅमेरा लावावा. अशा एका घरातले स्वयंपाकघर मला अजून आठवते : टेबलाच्या एका टोकाला गणिताच्या तपासायच्या वह्यांची चळत, दुसऱ्या टोकाला पास्त्याचे पातेले, आणि मध्ये बसलेली बावीस वर्षांची मुलगी जेवता जेवता लाल पेनने खुणा करीत होती. दाराशी एकाच गाडीची किल्ली टांगलेली होती आणि उद्या ती कोणी न्यायची यावर धुसफूस चालली होती. आठवड्यातून एकदा सगळे मिळून प्रार्थना करतात असे त्यांनी सांगितले, परंतु भांडी घासण्याच्या पाळ्यांवरून त्यांचे एकमेकांशी नाते मला अधिक कळले.

प्रश्न : दोन वर्षांत निघून जाणाऱ्या शिक्षकाचा मुलांना खरोखर उपयोग होतो का?
— त्याच वाचक

उत्तर : होतो, पण त्याची किंमतही मोजावी लागते. उत्साही, विषयाची चांगली जाण असलेला शिक्षक एरवी न परवडणाऱ्या शाळेला मिळतो, आणि काही जण मुदत संपल्यावरही तिथेच राहतात किंवा पुढे मुख्याध्यापक होतात. तथापि पहिले वर्ष शिकवायला शिकण्यातच जाते, दुसऱ्या वर्षी हात बसतो आणि मे महिन्यात निरोप समारंभ होतो. सिस्टर एका कुटुंबाच्या दोन पिढ्यांना शिकवत असत, ते यांच्याकडून होणार नाही. म्हणून आपल्या भाचीने प्रत्येक शाळेत पहिली मुलाखत स्वयंसेवकाची घेऊ नये. ती शाळेच्या कचेरीतील बाईंची घ्यावी. कोणत्या मुलाची फी कोण भरते, आजारी मुलाला न्यायला कोण येते आणि आजवर किती तरुण शिक्षक आले नि गेले, हे त्यांना नावानिशी ठाऊक असते. त्यांच्याकडे वेळ मात्र सकाळची पहिली घंटा होण्यापूर्वीच असतो.