आरएस-४८५ वर (दोन वायरींवरून मीटरचं रीडिंग नेणारी डेटा लाईन) शेवटचे दोन मीटर वाचत नाहीत, काय चुकतंय?
भाऊ, डाळ मिलमधले पाचही एनर्जी मीटर पॅनलपासून वेगवेगळ्या वायरी ओढून जोडलेत म्हणता ना, मग घोळ बहुतेक तिथंच आहे, आरएस-४८५ ला एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी सलग लाईन लागते आणि १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन्ही टोकांना, मधे कुठंच नाही. डेटाच्या दोन टर्मिनलवरच्या ए-बी या छापील नावावर जाऊ नका, कंपन्या उलटसुलट छापतात, एकच मीटर ठेवून दोन वायरी अदलाबदल करून बघा, जळत काही नाही. केबल ट्विस्टेड शिल्डेड (पिळलेल्या वायरी, वरून धातूचं आवरण) घ्या, शिल्ड म्हणजे ते आवरण एकाच टोकाला अर्थिंगला जोडा, आणि केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) केबलपासून लांब ठेवा. आणि हो, मीटरचे आयडी (लाईनवरचा प्रत्येकाचा वेगळा नंबर) बदलले का? नवे मीटर बरेचदा सगळे १ वरच येतात. बॉड रेट (डेटाचा वेग), पॅरिटी (डेटातली चूक तपासायची सेटिंग) मात्र सगळ्यांची सारखी पाहिजे.