व्हिएतनाममध्ये पाठीवर बॅग टाकून फिरताना मराठी माणसाच्या खाण्याचे हाल होतात का? तुमचा अनुभव काय?

या प्रश्नात दोन गोष्टी आहेत: मसाल्याची सवय असलेल्या जिभेला तिथलं जेवण फिकं लागतं का, आणि बरोबरचा शाकाहारी माणूस उपाशी राहतो का. आमच्या बाबतीत पहिले तीन दिवस दोन्हींचं उत्तर 'हो' होतं. नंतर नाही.

मी मालवणचा, मासे खाणारा. सोबतीला पुण्याचा मित्र, अंडंही न खाणारा. नोव्हेंबर २०१९ मध्ये आम्ही हनोईत उतरलो आणि तीन आठवड्यांत रेल्वेने आणि स्लीपर बसने सायगावपर्यंत (म्हणजे हो ची मिन्ह सिटी) खाली आलो.

पहिल्या सकाळी जुन्या हनोईत फुटपाथवर फो खायला बसलो. बालवाडीत असतात तसली प्लास्टिकची बुटकी स्टुलं, गुडघे छातीला टेकलेले. मी कोंबडीचा फो घेतला. वाडग्यात पारदर्शक रस्सा, त्यात तांदळाच्या चपट्या नूडल्स, वर कांद्याची पात. पहिला घोट घेतला आणि वाटलं, हे तर आजाऱ्याला देतात तसलं पाणी. मग वास ओळखीचा वाटू लागला. चक्रीफूल, दालचिनी, भाजलेला कांदा, भाजलेलं आलं. सगळं आपल्याच वाटणातलं! फरक एवढाच की आपण ते वाटून रश्शात ठेवतो, आणि ते लोक हाडांबरोबर तासन् तास उकळून गाळून टाकतात. वास राहतो, मसाला जातो.

शेजारच्या आजोबांकडे पाहिलं तर ते वाडगं आल्या आल्या खात नव्हते. लसूण घातलेलं व्हिनेगर, मिरचीचे काप, लिंबू, थोडं हे, थोडं ते, मग चव बघून पुन्हा थोडं. तेलात तळलेल्या पिठाच्या लांब कांड्या असतात, क्वाय म्हणतात त्यांना. त्या रश्शात बुडवून खाणं चाललं होतं. मी त्यांची नक्कल केली आणि तोच वाडगा वेगळा लागला.

पण खरं शिकलो ते दुपारी. बुन चा हे हनोईचं दुपारचं जेवण: कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस कोमट, आंबट-गोड पाण्यात, त्यात कच्च्या पपईचे काप, बाजूला पांढऱ्या शेवयांचा गठ्ठा आणि ताटभर पाला. (२०१६ साली ओबामा हनोईत आले तेव्हा टीव्हीवरचे शेफ अँथनी बोर्डेन यांच्याबरोबर त्यांनी हेच खाल्लं होतं. ते टेबल त्या हॉटेलवाल्यांनी काचेत बंद करून ठेवलंय.) मी आपल्या सवयीने ते सगळं पाणी भातावर आमटी ओततात तसं शेवयांवर ओतलं. दुकानातल्या बाई आल्या, एक शब्द न बोलता माझा वाडगा उचलून घेऊन गेल्या, नवा आणला आणि स्वतःच्या काड्यांनी दाखवलं: चार शेवया उचल, बुडव, मांसाचा तुकडा, दोन पानं, खा. पुन्हा. प्रत्येक घास वेगळा बांधायचा. पैसे एकाच वाडग्याचे घेतले.

आपल्याकडे जेवण स्वयंपाकघरातच पुरं होतं. आईने आमटी केली की ती झाली, वरून मीठ घेतलं तर तिला लागतं. तिथे जेवण अर्धवट समोर येतं आणि उरलेलं तुम्ही करायचं. ज्याला हे कळत नाही तो 'फिकं होतं' म्हणत परत येतो. आम्हीही तसेच आलो असतो.

आता मित्राची कथा. तीन दिवस तो केळी, पाव आणि पुण्याहून आणलेल्या चिवड्यावर होता. 'नो मीट' म्हटलं की माना डोलवायच्या आणि वाडग्यात कोळंबी यायची. मांस नाही म्हणजे कोळंबी चालते, अशी समजूत. आणि नुओक माम, म्हणजे लाकडी पिंपांत महिनोन् महिने मिठात मुरवलेल्या माशांचं पाणी, जवळजवळ सगळ्यात असतं. मला तो वास सुकटीच्या घरातला, त्यामुळे माझं काही बिघडलं नाही. तो मात्र नाक धरून बसायचा.

सुटका एका शब्दाने झाली: 'चाय'. रोमन अक्षरांत 'CHAY' लिहिलेली पाटी शोधायची. अर्थ शाकाहारी. बौद्ध लोक पौर्णिमेला आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी मांस टाळतात, म्हणून 'कोम चाय' लिहिलेल्या खानावळी गावोगाव सापडतात. गंमत बघा, चहा हवा असेल तर हनोईत 'चा' म्हणायचं. आमच्या मित्राने दोन दिवस सवयीने 'चाय, चाय' म्हणून चहा मागितला आणि लोकांनी त्याला टोफू दाखवला!

हुए शहरात तर त्याची दिवाळी झाली. हुए ही न्गुयेन राजांची राजधानी, १८०२ ते १९४५, आणि तिथे विहारांची, शाकाहाराची परंपरा जुनी आहे. आम्ही त्रिपुरीच्या सुमाराला होतो, त्यांचीही पौर्णिमा आली, आणि चायच्या खानावळींत बसायला जागा नव्हती. तिथे टोफूचा मासा मिळतो, समुद्री शेवाळाची कातडी वगैरे लावून. मित्राने तो इतक्या संशयाने उलटापालटा केला की शेवटी मीच खाल्ला. त्याचं खरं जेवण म्हणजे लसणीवर परतलेली राव मुओंग आणि भात. राव मुओंग म्हणजे आपली नाळीची भाजी, तळ्याकाठी उगवते ती. फक्त परतताना माशाचं पाणी घालू नका, हे आधी सांगावं लागतं.

मी हुएत बुन बो हुए खाल्लं, गवती चहा, मिरची आणि कोळंबीच्या आंबवलेल्या लगद्याचा लाल रस्सा. गोमांस असतं, ते चालत नसेल तर हा पदार्थ सोडा. तिखट, घाम फोडणारा. बाहेर नोव्हेंबरचा पाऊस कोकणातल्या आषाढासारखा ओतत होता. फिकेपणाची तक्रार तिथे संपली.

तिथून पुढे मला सारखं घर दिसू लागलं. बान्ह सेओ म्हणजे तांदळाचं पीठ आणि हळद घालून केलेलं घावन, दक्षिणेत नारळाचं दूधही घालतात. 'सेओ' हा तव्यावरच्या चर्र आवाजाचा शब्द आहे. पण आत कोळंबी आणि मोड आलेले मूग, आणि खायचं पाल्यात गुंडाळून. तांदळाचे पापड बांबूच्या चटयांवर उन्हात घातलेले, अगदी आमच्या खळ्यातल्यासारखे. आणि बुन, म्हणजे त्या पांढऱ्या शेवया, म्हणजे चक्क शिरवाळे, आमच्या कोकणातल्या तांदळाच्या शेवया. परत आल्यावर आईला फोटो दाखवला तर म्हणाली, "हे तर आपलेच शिरवाळे. रस खंय हा?" गोड नारळाच्या रसाशिवाय कोणी शिरवाळे खातं, आणि तेही मासळीच्या पाण्याबरोबर, हे तिला अजून पटलेलं नाही. मी एकदा तिच्याच लाकडी शेवग्यातून (शेवयांच्या साच्यातून) काढलेले शिरवाळे लिंबू-मिरची-गुळाच्या पाण्यात बुडवून खाल्ले. ती उठून गेली.

होई आन गावच्या काव लाव नावाच्या नूडल्स, सायगावचा पावाबरोबर खायचा 'का री' (हो, करीच) हे सगळं चांगलं होतं, पण लिहीत बसलो तर संपणार नाही. अंड्याची कॉफी मात्र हनोईत प्या. १९४६ साली दुधाची टंचाई होती म्हणून न्गुयेन वान जिआंग या माणसाने अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला. वाटतं तितकी वाईट नाही, कॉफीवर पुडिंग ठेवल्यासारखी लागते.

एक फटका आम्हीही खाल्ला. वीस हजार डोंगची आणि पाच लाख डोंगची नोट, दोन्ही निळ्या. एका रात्री फळवाल्याला घाईत वीस हजारांऐवजी पाच लाखांची दिली, तेव्हाच्या भावाने साठ रुपयांऐवजी दीड हजार. कळलं तेव्हा तो गल्लीत दिसेना. तेव्हापासून पाच लाखांच्या नोटा वेगळ्या खिशात.

पुन्हा गेलो तर सायगावहून सुरुवात करेन. दक्षिणेत जेवण जरा गोडसर असतं, आणि फोबरोबर पाला, मोड, तुळशीसारखी पानं न मागता टेबलावर ढीगभर येतात. नवख्याला काय काय घालायचं ते समोरच दिसतं. हनोईत ते बघून शिकावं लागतं, किंवा एखाद्या बाईंनी वाडगा उचलून न्यावा लागतो.