दुपारी सूर का हलतो?

प्रश्न : भजनी मंडळासाठी मी ५५५ आयसी (ठरावीक गतीने विजेची स्पंदने देणारी चिप) वापरून घरीच सुरपेटी बनवली. सकाळी ती काळी एकला (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला) जुळते, दुपारी मात्र सूर हलतो. असे का व्हावे?
— एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : आयसीवर इतक्यात संशय घेऊ नये. या जोडणीत सूर ठरतो तो रेझिस्टर (विजेच्या प्रवाहाला रोध करणारा भाग) आणि कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा भाग) यांच्या मूल्यांवर. आपला कपॅसिटर मसुराच्या डाळीसारखा चपटा, सिरॅमिकचा असेल, तर वैशाखात पत्र्याच्या घरात त्याचे मूल्य बदलते. काळी एक म्हणजे सुमारे २७७ हर्ट्झ; त्यात ८ हर्ट्झचा फरक पडला, तरी सूर पांढरी दोनच्या निम्म्या वाटेवर पोहोचतो, आणि गाणाऱ्याला ते फार जाचते. पॉलिस्टर फिल्मचा कपॅसिटर बसवावा, सोल्डरचा डाग देताना त्याचे पाय फार तापवू नयेत, आणि सूर दुपारीच जुळवावा.